नगर हवेलीचे अरण्य व त्याचा स्थलधर्म

क्षेत्र म्हटले की देवता, तीर्थ आणि वृक्ष ही तिन्ही ओघानेच येतात. आळंदीस श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे, नरसोबाच्या वाडीस औदुंबर आहे, आणि पंढरीच्या वारकऱ्याच्या गळ्यात तुळस आहे. यांपैकी एकही झाड सातासमुद्रांपलीकडून शोभेकरिता आणलेले नाही. अजानवृक्ष सह्याद्रीच्या रानांत आपोआप उगवतो. खेडुत त्यास दातरंग म्हणतात आणि त्याजकडे फारसे लक्षही देत नाहीत. समाधीच्या सान्निध्याने तो पूज्य झाला हे खरे. परंतु समाधीजवळ तो उभा राहू शकला, याचे कारण तो त्या मातीचा होता. क्षेत्रमाहात्म्य सांगणाऱ्या आपल्या पोथ्यांत नदी, डोंगर व झाडे यांची नावे इतक्या आवडीने का गुंफलेली असतात, याचा उलगडा यात आहे. देव सर्वत्र असला तरी भक्तास तो एका विशिष्ट ठिकाणी भेटतो, आणि ते ठिकाण ओळखण्याची खूण बहुधा एखादे झाड असते.

सिल्वासा व भोवतालचा नगर हवेलीचा मुलूख याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. येथे मोठे पुराणप्रसिद्ध तीर्थ नाही, मोठा राजवाडा नाही, लेण्यांची रांग नाही. येथील पुरातन वस्तू एकच, ती म्हणजे रान. आणि येथील इतिहास बारकाईने पाहू गेले असता तो बहुतांशी त्या रानाचाच इतिहास ठरतो.

नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावलेली दमणगंगा डोंगरउतार संपता संपता या मुलखात शिरते आणि पुढे दमणपाशी समुद्रास मिळते. दादरा व नगर हवेली मिळून क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर. पूर्वेस व दक्षिणेस खानवेल, दुधनी, मांदोणी या बाजूंना डोंगर. पश्चिमेस सपाट भातजमीन. पावसाळ्यात येथे पाऊस असा कोसळतो की ओढ्यांना नद्यांचे रूप येते, आणि फाल्गुन लागला की तेच डोंगर उघडेबोडके होऊन पानांच्या पाचोळ्याने झाकले जातात. अशा हवेत जे रान वाढते त्यास पानगळीचे रान म्हणावे. साग, सादडा, खैर, शिसव, हेद, कळंब, बिबळा, धावडा, तिवस, मोह, टेंभुर्णी, पळस, पांगारा, सावर, कुडा, बेहडा, आवळा, करंज, उंबर आणि जागोजागी वेळूची बेटे: ही या रानाची मंडळी. संस्कृत पाठशाळेतील विद्यार्थ्याने या रानात फेरफटका मारला तर त्यास हीच मंडळी कोशांतून व काव्यांतून भेटलेल्या नावांनी पुन्हा ओळखता येतील. साग म्हणजे शाक, खैर म्हणजे खदिर, मोह म्हणजे मधूक, पळस म्हणजे किंशुक, कुडा म्हणजे कुटज. कालिदासाच्या यक्षाने आषाढातील मेघास ज्या फुलांचे अर्घ्य दिले ती कुटजाची फुले खानवेलच्या वाटेवर अजूनही फुलतात, आणि ती वेचण्यास रामगिरीपर्यंत जाण्याचे कारण नाही.

या मुलखाचा सर्वांत जुना दस्तऐवज कोणत्याही दफ्तरात नाही. तो गावांच्या नावांत आहे. सिल्वाशाला लागून आमली आहे, तीत चिंचेचे गुजराती नाव ऐकू येते. करजगाम म्हणताच करंज डोळ्यांपुढे उभा राहतो. आपटी म्हटले की आपटा, खेरडी म्हटले की खैर, सिंदोणी म्हटले की शिंदी, उमरकुई म्हटले की उंबर, आंबाबारी म्हटले की आंबा. पिपरिया या नावात पिंपळाच्या कुळातील झाड आहे. मोरखल आहे, वाघछिपा आणि वाघचौडा आहेत. बिंद्राबीन या गावी साकरतोंड नदीच्या काठी महादेवाचे देऊळ आहे आणि नावाच्या उच्चारात वृंदावन आहे. ज्यांनी ही नावे ठेविली त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण कोणत्या वळणावर कोणते झाड दाट आहे, हे त्यांनी पुढील पिढ्यांस इतक्या नेमकेपणाने सांगून ठेविले आहे की कोणत्याही सरकारी नकाशाने त्यांचा हेवा करावा. आज यांपैकी कित्येक गावांत नाव शिल्लक आहे आणि झाड विरळ झाले आहे. आपटी गावातील मुलास आपट्याचे पान दसऱ्याच्या बाजारात विकत घ्यावे लागले, तर त्या गावाचे नाव व त्याचा अर्थ यांची ताटातूट झाली असे म्हणावे लागेल.

खुद्द सिल्वासा या नावाविषयी असे सांगण्याचा प्रघात आहे की पोर्तुगीज भाषेतील ‘सिल्वा’ म्हणजे अरण्य, त्यावरून हे नाव आले. ते काही असो. या गावाच्या नावाची एक गोष्ट मात्र इतिहासात नमूद आहे. १८८५ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढून सिल्वाशास ‘विला द पासु द आर्कुश’ असे नवे नाव दिले. पासु द आर्कुश ही गोव्याच्या तत्कालीन गव्हर्नर जनरलची सरदारकी. नाव कागदोपत्री राहिले, शिक्क्यांवर राहिले. लोकांच्या जिभेवर ते कधीच बसले नाही. राजसत्तेच्या हुकुमापेक्षा रानाची आठवण अधिक टिकाऊ ठरली.

आता हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला कसा, ती हकिगत पाहण्यासारखी आहे. दमणच्या पाठीमागचा हा डोंगराळ टापू पूर्वी रामनगरच्या राजाचा. १६७२ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजांनी जव्हार व रामनगर घेतले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेऊन उत्तर कोकणातील फिरंगी सत्ता मोडली. पण दमण त्यांजकडे राहिले. पुढे १७७२ मध्ये मराठी आरमाराने ‘सांताना’ नावाचे एक पोर्तुगीज फ्रिगेट, म्हणजे लढाऊ गलबत, पकडले. पुणे दरबारास त्या वेळी इंग्रजांच्या विरुद्ध मित्र हवे होते. १७७९ मध्ये पोर्तुगिजांशी मैत्रीचा तह झाला आणि त्या गलबताच्या नुकसानीची भरपाई म्हणून नगर हवेली परगण्यातील ७२ गावांचा वसूल त्यांस देण्याचे ठरले. १० जून १७८३ रोजी परगणा त्यांच्या हवाली झाला. १७८५ मध्ये त्यांनी दादरा खरेदी केले. एका जहाजाच्या मोबदल्यात एक अरण्य दिले गेले, असा या व्यवहाराचा अर्थ. दरबारी हिशेबात तो ७२ गावांचा वसूल होता. त्या गावांतील वारली, कोकणा, धोडिया, काथोडी यांस कोणी काही विचारल्याचा मागमूस नाही.

याच मराठी राज्यात जहाज व झाड यांचा संबंध किती सूक्ष्मपणे विचारात घेतला गेला होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. तीत असे बजाविले आहे की सागवानादी लाकूड हुजूरच्या परवान्याने तोडावे, उणे पडेल ते परमुलखातून खरेदी करावे. परंतु आंबे-फणसांसारख्या झाडांस हात लावू देऊ नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे जतन केलेली असतात, आणि ती तोडली असता तिच्या दुःखास पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, मगच तोडावे. युद्धनौकांच्या प्रकरणात रयतेच्या दुःखाचा असा विचार करणारे राजनीतीचे ग्रंथ जगात थोडेच सापडतील. त्याही पूर्वी वराहमिहिराने बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणण्याचा विधी सांगताना, वृक्षावर राहणाऱ्या भूतांची पूजा करून, त्यांनी अन्यत्र वास करावा अशी प्रार्थना केल्यावरच कुऱ्हाड चालवावी असे लिहिले आहे. या परंपरेच्या वारसांनी नगर हवेलीचे रान गलबताच्या भरपाईत देऊन टाकावे, हा इतिहासाचा एक विचित्र खेळ म्हटला पाहिजे.

आणि त्या खेळाचा दुसरा अंक त्याहून विचित्र आहे. जहाजाच्या बदल्यात मिळालेल्या रानातून पोर्तुगिजांनी पुन्हा जहाज घडविले. दमणच्या गोदीत, नगर हवेलीच्या सागातून, ‘दों फेर्नांदु सेगुंदु ई ग्लोरिया’ नावाचे पन्नास तोफांचे फ्रिगेट बांधण्यात आले आणि ऑक्टोबर १८४३ मध्ये ते पाण्यात लोटले गेले. पोर्तुगालची राणी मारिया दा ग्लोरिया व तिचा पती फेर्नांदु या दोघांची नावे त्यास दिली होती. १८४५ मध्ये ते गोव्याहून लिस्बनला गेले. १८७८ पर्यंत त्याने समुद्रावर लाखाहून अधिक मैल कापले. वास्को द गामापासून चालत आलेल्या हिंदुस्थानच्या जलमार्गावर, केवळ शिडांच्या बळावर चालणारे ते पोर्तुगीज आरमाराचे शेवटचे फ्रिगेट. पुढे लिस्बनच्या नदीत नांगरून त्यावर गरीब मुलांसाठी शाळा चालविली गेली. १९६३ मध्ये त्यास आग लागली. जळका सांगाडा सुमारे तीन दशके टेगस नदीच्या चिखलात पडून होता. नंतर तो वर काढून त्याची पुनर्बांधणी करण्यात आली, आणि १९९८ मध्ये लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनात ते जहाज लोकांस पाहावयास मिळाले. हल्ली ते टेगसच्या दक्षिण तीरावर काशिल्यश येथे आरमारी संग्रहालय म्हणून जपलेले आहे.

सागाच्या लाकडात तेल असते, त्यामुळे समुद्राचे पाणी व लाकूड पोखरणारे किडे त्यास सहज जिंकू शकत नाहीत. युरोपातील ओकपेक्षा ते या कामी सरस ठरले ते याचमुळे. या झाडाचे नावही त्याच वाटेने गेले. मलबारातील ‘तेक्क’ हा शब्द पोर्तुगिजांनी ‘टेका’ म्हणून उचलला, इंग्रजांनी त्याचा ‘टीक’ केला, आणि आज साऱ्या जगात सागास त्याच नावाने ओळखतात. परक्या देशाने आपल्या रानातील लाकूड पावणेदोनशे वर्षे सांभाळले, आगीतून वाचविले, त्यावर शाळा चालविली, याबद्दल कोणी त्यांस नावे ठेवू नये. मात्र ज्या डोंगरावरून तो साग गेला त्या डोंगरावरील मुलांस या जहाजाचे नाव ठाऊक नसते, ही गोष्ट मनास लागण्यासारखी आहे.

फिरंगी अमलातील पुढील काळ थोडक्यात सांगता येईल. १९१९ च्या शेतजमीनविषयक कायद्याने ‘अल्वारा’ नावाच्या सनदा देण्याची पद्धत रूढ झाली. जमीन लागवडीस आणावी या अटीवर मोठाले पट्टे सनदधारकांस मिळत. रान हे पडीक आणि नांगरट ही प्रगती, असा त्या काळच्या बहुतेक सरकारांचा समज होता, आणि ब्रिटिश मुलखातही निराळी स्थिती नव्हती. १९५४ च्या जुलैत दादरा, मग नरोली, आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. मुक्तिसंग्रामातील मराठी तरुणांची कामगिरी, सुधीर फडके व बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारख्यांचा त्यातील सहभाग, हा सर्वांच्या परिचयाचा भाग आहे. त्यानंतर सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने येथील कारभार पाहिला. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगालने लावलेल्या दाव्याचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला. १९७१ च्या जमीन सुधारणा नियमाने अल्वारा पद्धती संपुष्टात आली. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

राज्ये अशी बदलत असता रानाचे खरे राखणदार कोण होते? या प्रश्नाचे उत्तर वारल्यांच्या झोपडीत सापडते. वारल्यांच्या देवांत एका देवाचे नावच ‘हिरवा’ आहे. मोरपिसांच्या रूपाने तो घरात असतो. रंगालाच देवत्व देणारी ही कल्पना कोणत्याही शास्त्रीमंडळास सुचली नसती. कणसरी ही धान्याची माता, नारनदेव पावसाचा, वाघदेव रानाचा. अश्विन वद्य द्वादशीस, ज्या दिवसास सर्वत्र वसुबारस म्हणतात, हे लोक वाघबारस पाळतात. गाईबरोबर तिला खाणाऱ्या वाघाचीही आठवण करतात. विवाहप्रसंगी सुवासिनी कुडाच्या भिंतीवर, गेरूच्या लेपावर, तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात. आत पालघाट देवी, ती वनस्पतींच्या समृद्धीची देवता, आणि भोवती झाडे. हा चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. पुढे पालघर जिल्ह्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी हीच चित्रे कागदावर आणली. १९३४ ते २०१८ हा त्यांचा जीवनकाळ. २०११ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. शहरांतील दिवाणखान्यांत ही चित्रे आता सर्वत्र दिसतात. तेथे ती शोभा आहेत. मूळ ठिकाणी ती संस्कारविधी होत. चित्रातील झाडे पुष्कळदा चित्रकाराने नावानिशी ओळखलेली असतात, ही गोष्ट मात्र दिवाणखान्यातील पाहुण्यास सांगावी लागते.

याहूनही महत्त्वाचे आहेत ते त्यांचे निर्बंध. पहिल्या पावसाने रानात उगवणारी कोळीची कोवळी भाजी देवास वाहिल्यावाचून तोंडात घालावयाची नाही. नवे धान्य देवास अर्पण केल्यावाचून खावयाचे नाही. दुध्या भोपळा, वेळू व ताडाची पाने यांपासून केलेला तारपा भात तयार होईपर्यंत वाजवावयाचा नाही. वरवर पाहता या रूढी वाटतील. परंतु जे कोवळे आहे त्यास मूळ धरू द्यावे, बी पडेपर्यंत थांबावे, हे वनस्पतिशास्त्र त्यांत दडलेले आहे. महाराष्ट्रातील देवराया हे याच बुद्धीचे मोठे रूप. देवाच्या नावे राखलेल्या त्या रानांचा अभ्यास १९७० नंतरच्या दशकात वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी केला, तेव्हा कुठे सुशिक्षितांस कळले की पिढ्यानपिढ्या ज्यास अंधश्रद्धा म्हटले त्याने दुर्मीळ झाडे वाचविली. अर्थात सर्व रूढी शहाणपणाच्याच असतात असे मात्र नव्हे, आणि वनवासी जीवनाचे गोडवे गाताना त्यांतील उपासमार, वेठ व सावकारी विसरणे हे अप्रामाणिकपणाचे होईल. शेजारच्या उंबरगाव-तलासरी भागातील वारल्यांची दुःस्थिती गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात नोंदविली आहे. रानाविषयी भक्ती बाळगणारी माणसेच त्या रानात वेठीस राबविली जात होती.

काथोडी लोकांची हकिगत तर झाड आणि माणूस यांच्या नात्याचा उत्कट नमुना आहे. कात पाडणारे म्हणून काथोडी, कातकरी. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या काढून त्या मडक्यांत उकळावयाच्या, तो काढा आटवून घट्ट करावयाचा, की विड्यात रंगणारा कात तयार होतो. अखिल मानवजातीत एका झाडावरून नाव पडलेली जमात अशी विरळाच. वनखात्याचे कायदे कडक होत गेले, खैरतोडीवर बंधने आली, व्यापार इतरांच्या हाती गेला, आणि काथोड्यांचा काताशी असलेला संबंध केवळ नावापुरता उरला. खैर राखावयास हवा होता, यात शंका नाही. परंतु खैर राखताना खैराचा जाणकार उपाशी राहिला, तर त्या रक्षणात काहीतरी चुकले. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा लोकांचे वनावरील हक्क मान्य केले, तो या चुकीचा उशिराने झालेला स्वीकार होय.

विलीनीकरणानंतर या मुलखाचे रूप झपाट्याने पालटले. पिपरिया येथे १९६५ मध्ये सहकारी तत्त्वावर पहिली उद्योगवसाहत निघाली. मग मसाट, खडोली येथे कारखाने झाले. १९६१ मध्ये येथील लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली, म्हणजे पन्नास वर्षांत जवळजवळ सहापट. दमणगंगेवर मधुबन धरण झाले. त्याच्या जलाशयाखाली शेते गेली, रान गेले, घरे गेली. धरणास नाव मात्र मधुबन मिळाले. कारखान्यांनी हजारो कुटुंबांस अन्न दिले, धरणाने शेतांस व गावांस पाणी दिले. त्यांजवर सरसकट टीका करणे हे रिकामटेकड्यांचे काम. पण देशाच्या नाना प्रांतांतून पोटासाठी येथे आलेल्या माणसास हे गाव आपले कसे वाटावे, हा प्रश्न त्याने उभा केला. परक्या गावी माणूस देऊळ शोधतो, मठ शोधतो. तेथे त्यास आपली भाषा व आपला देव सापडतो. भूमीची ओळख मात्र त्यास कोणी करून देत नाही, आणि वर्षानुवर्षे राहूनही तो येथे पाहुणाच राहतो.

आनंदाची गोष्ट अशी की या प्रदेशाचे सुमारे चाळीस टक्के क्षेत्र अजून वनाखाली आहे. २००० मध्ये त्यातील सुमारे ९२ चौरस किलोमीटर भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला. सातमालिया येथे हरणांचे उद्यान आहे. वासोणा येथे सिंह पाहण्याची सोय करण्यात आली. मुलांस त्याचे कौतुक वाटणे साहजिक आहे. तथापि सिंह गीरचा. वाघछिपा व वाघचौडा ज्या मुलखात आहेत, वाघदेवाचे पूजन ज्या मुलखात होते, तेथील स्वतःचा प्राणी वाघ होता, आणि तो या रानांतून नाहीसा झाला. सिंह पाहून परतणाऱ्या मुलास वाटेतील या गावांच्या नावांचा अर्थ कोणी सांगितला, तर त्या सहलीचे अधिक सार्थक होईल.

झाडांच्या बाबतीतही असेच घडते. रस्त्याकडेला, कचेऱ्यांच्या आवारात, इतकेच नव्हे तर देवळांच्या अंगणांतही गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ, परदेशी बाभूळ ही झाडे लावण्याची चाल पडली आहे. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ अमेरिकेची. ती वाईट आहेत असे नव्हे. लवकर वाढतात, सावली देतात. पण त्यांच्या पानांचे देवकार्यात काही चालत नाही, आणि गावच्या आजीबाईस त्यांचे एकही औषध ठाऊक नसते. सागाचीच एकसुरी लागवड करून तिला वन म्हणणे हीदेखील तशीच चूक. ज्या रानात मोह, खैर, सादडा व वेळू साथीला नाहीत तो सागाचा मळा होय. १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून दरवर्षी झाडे किती लावली याचे आकडे प्रसिद्ध होतात. कोणती लावली, हे विचारणारे थोडे.

या प्रश्नाचे उत्तर मठमंदिरांच्या नित्यकर्मात तयार आहे. नवग्रहांच्या होमास ज्या समिधा लागतात त्या अशा: सूर्यास रुई, चंद्रास पळस, मंगळास खैर, बुधास आघाडा, गुरूस पिंपळ, शुक्रास उंबर, शनीस शमी, राहूस दूर्वा, केतूस दर्भ. यांपैकी बहुतेक सर्व येथील रानात व बांधांवर उगवतात. तद्वतच सत्तावीस नक्षत्रांचे आराध्यवृक्ष परंपरेने ठरलेले आहेत. भरणीचा आवळा, कृत्तिकेचा उंबर, रोहिणीची जांभूळ, मृगाचा खैर, पुनर्वसूचा वेळू, पुष्याचा पिंपळ, मघांचा वड, पूर्वा फाल्गुनीचा पळस, चित्रेचा बेल, ज्येष्ठेची सावर, पूर्वा भाद्रपदेचा आंबा, रेवतीचा मोह. नागकेशर व नागचाफा यांसारखी काही थोडी नावे सोडली तर ही यादी म्हणजे दमणगंगेच्या खोऱ्यातील रानाचीच यादी वाटावी. बिहार, ओरिसा वा विदर्भातून येथे आलेल्या भाविकाचे जन्मनक्षत्र जर रेवती असेल, तर त्याचा आराध्यवृक्ष वारल्याच्या अंगणात उभा आहे. आणि तो ओळखून घेण्यासाठी त्यास त्या वारल्याच्याच दारी जावे लागेल. अशा ओळखीतून जो शेजारधर्म निर्माण होतो तो भाषणांनी होत नाही.

रोपे करणाऱ्यांनी मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोहाची फुले चैत्रात टपटपतात आणि फळे ज्येष्ठाच्या सुमारास पिकतात. त्याचे बी साठवून ठेविले तर थोड्याच आठवड्यांत निर्जीव होते, म्हणून फळातून काढताच, पावसाच्या तोंडावर, पिशवीत अगर थेट खड्ड्यात पेरावे. पळसाच्या चपट्या शेंगा वैशाखात गळतात. प्रत्येकीत एकच बी असते, तेही ताजेपणीच लावलेले बरे. खैराच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात, त्यांचे बी मृगापर्यंत टिकते. उंबर व पिंपळ यांची रोपे जुन्या भिंतींच्या फटींत पक्ष्यांनी आधीच लावून ठेविलेली असतात. ती अलगद सोडवून घ्यावीत. वेळूचे बेट वाढविण्यास आषाढाचा पहिला पंधरवडा चांगला, आणि कंद कोणता घ्यावा हे खानवेल-दुधनीकडच्या कोणत्याही म्हाताऱ्यास विचारावे.